पैसा कुठचा ते सांगा, पण सगळ्यांनीच

आमच्या यवतमाळकडं आता कोणी चार माणसं गोळा करून तहसीलवर गेलं, पीकविमा काहून आला नाही म्हणून विचारलं किंवा फवारणीच्या औषधावर दोन शब्द बोललं, की संध्याकाळपर्यंत व्हाट्सॲपवर मेसेज फिरायला लागतो, यांना बाहेरून फंडिंग आहे. बाहेरून म्हणजे कुठून हे काही त्यात नसतं, कधी अमेरिका असते, कधी चीन, कधी तो अमेरिकेतला अब्जाधीश सोरोस. पानठेल्यावर खर्रा घोटून होईपर्यंत निकालही लागून जातो, "फुकटचं कोन उन्हात बसते बावा, तिकून पैसे येत असन म्हणूनच बसते ना." झालं. विमा राहिला बाजूला, कंपनी राहिली बाजूला, आता चर्चा त्या बसणाऱ्याच्या खिशाची.

वरच्या पातळीवरही हेच, फक्त भाषा जरा इस्त्रीची. डिसेंबर २०२४ च्या नागपूर अधिवेशनात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सभागृहात सांगितलं की राहुल गांधींच्या यात्रेतून निघालेल्या भारत जोडो अभियानातल्या संघटनांपैकी काही नक्षलवाद्यांच्या फ्रंटल, म्हणजे समोर दाखवायच्या, संघटना म्हणून आधीच नोंदलेल्या आहेत, त्यातल्या काहींची नोव्हेंबरमध्ये काठमांडूत बैठक झाली, आणि राज्याच्या निवडणुकीत विदेशी हस्तक्षेप झाला. आता ज्या निवडणुकीत हस्तक्षेप झाला म्हणतात त्यात महायुतीला २८८ पैकी २३० जागा आल्या, म्हणजे हस्तक्षेप करणाऱ्याचे पैसे बुडालेच म्हणायचे. पण मस्करी सोडा, आरोप मोठा आहे, राज्याचा गृहविभाग ज्यांच्याकडं आहे तेच बोलून राहिले म्हटल्यावर तो हसण्यावारी नेता येत नाही, आणि म्हणूनच त्याच्यापुढं कोणत्या खात्यात किती पैसा सापडला, किती जणांवर गुन्हा लागला, हे विचारणंही गैर नाही.

मी काय म्हणतो ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला अंदाज येईल. विदेशी पैसा येतो, आल्यावर त्याचा रंगही थोडाफार लागतो, आणि तो कुठून आला हे सांगायची सक्ती असलीच पाहिजे. पण ती सक्ती संस्थेला जशी तशीच पक्षाला, तशीच कंपनीला. आणि पैसा कुठल्या गावचा यावरून रस्त्यावर बसलेल्या माणसाचा प्रश्न खरा की खोटा हे ठरवायचं बंद करा. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या मुद्दाम एकात एक कालवल्या जातात कारण तसं केलं की उत्तर द्यावं लागत नाही.

हा आरोप आजचा नाही आणि एका पक्षाचाही नाही. १९६७ च्या निवडणुकीनंतर बाहेरचा पैसा आला म्हणून बोंब झाली तेव्हा गृहमंत्री आपलेच यशवंतराव चव्हाण होते, गुप्तचर विभागाकडून चौकशी झाली, तो अहवाल काही पूर्ण लोकांपुढं आला नाही. पुढं अमेरिकेचे राजदूत राहिलेले मॉयनिहन यांनीच १९७८ मध्ये लिहून टाकलं की कम्युनिस्टांना पाडायला आम्ही केरळात आणि बंगालात काँग्रेसला पैसे दिले होते, म्हणजे पैसा आला होता तो कोणत्या आंदोलनाला नाही, सत्तेतल्या पक्षाला. तरी विदेशी देणग्यांवरचा कायदा, एफसीआरए, आला १९७६ ला, ऐन आणीबाणीत. आणि इंदिराबाई परत आल्यावर १९८२ मध्ये कुदाल आयोग बसला तो कोणावर? गांधी शांती प्रतिष्ठान, सर्व सेवा संघ असल्या गांधीवाद्यांवर, कारण ही मंडळी जयप्रकाश नारायणांच्या बाजूनं उभी राहिली होती. सर्व सेवा संघ म्हणजे आपलं सेवाग्राम, वर्धा. सूत कातणारी, पायी फिरणारी माणसं, त्यांच्या वह्या वर्षानुवर्षं तपासल्या. नंतर २०१२ मध्ये मनमोहन सिंगांसारखा मोजून बोलणारा माणूसही कुडनकुलमच्या अणुभट्टीला विरोध होतो त्याच्यामागं अमेरिकेतल्या एनजीओ आहेत म्हणून बोलून गेला. २०१४ ला सरकार बदललं आणि महिन्याभरात आयबीचा, म्हणजे त्याच गुप्तचर विभागाचा, अहवाल फुटला, या विदेशी पैशाच्या संस्थांमुळं देशाचा जीडीपी वर्षाला दोन ते तीन टक्क्यांनी कमी होतो. दोन ते तीन टक्के! एवढी ताकद आमच्याकडच्या एखाद्या संस्थेत असती तर गावाचा पांदण रस्ता तरी झाला असता. त्याच अहवालात नाव असलेल्या ग्रीनपीसच्या प्रिया पिल्लई यांना जानेवारी २०१५ मध्ये दिल्ली विमानतळावर विमानात चढू दिलं नाही, त्या लंडनला मध्य प्रदेशातल्या महानच्या कोळसा खाणीबद्दल बोलायला निघाल्या होत्या, आणि दोन महिन्यांत दिल्ली हायकोर्टानं ती कारवाई रद्द केली. म्हणजे सरकार कोणाचंही असो, अडचणीचा प्रश्न आला की विदेशी हात तयारच.

आता एनजीओवाल्यांचंही बोलतो, कारण ते काही देवमाणसं नाहीत आणि मी त्यांचा वकील नाही. २००६ मध्ये मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांना ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्याच्या मागंपुढं ज्या पांढऱ्या गाड्या आमच्याकडं यायला लागल्या त्या आठवा. आत्महत्या झालेल्या घरी जायचं, त्या बाईला ओट्यावर बसवायचं, नवऱ्याचा फोटो मांडीवर धरायला लावायचा, कॅमेरावाला म्हणणार थोडं इकडं पहा. एकाच बाईचे असे किती फोटो निघाले असतील त्याचा हिशोब नाही, आणि त्यातल्या बऱ्याच जणींना सातबाऱ्यावर नाव चढवायला मात्र तलाठ्याकडं एकटीलाच चकरा माराव्या लागल्या, तिथं कोणी गाडीतून सोबत आलं नाही. एक वर्ष सगळे पाण्यावर बोलत होते, मग सगळे बचत गटावर आले, मग सेंद्रिय, आता क्लायमेट. आमची गरज दरवर्षी बदलत नाही हो, देणाऱ्याची आवड बदलते, आणि संस्था त्या आवडीप्रमाणं गावाला आजारी ठरवते. हाही बाहेरचा प्रभावच आहे, आणि तो नाकारणारे एनजीओवाले खोटं बोलतात असं माझं मत आहे.

मागं आमच्या भागात युरोपात हेडऑफिस असलेला एक कापसाचा प्रकल्प होता. गावचाच एक पोरगा दहा-बारा हजारावर फिल्डचं काम करायचा, मोटरसायकलवर यायचा, धुऱ्यावर उभा राहून रजिस्टर काढायचा. किती फवारण्या मारल्या, कोणतं औषध, पाणी किती पाळ्या, मजुराला रोज किती दिला, हातमोजे वापरले का. "लिवून टाक वापरले म्हणून," कास्तकार म्हणायचा, कारण दोघांनाही माहीत होतं की हातमोजे कोणीच वापरले नाहीत आणि रकाना रिकामा ठेवला तर पोराला वरून बोलणी बसतात. सही झाली की रजिस्टर बंद. ती माहिती कुठं गेली, कोणत्या दुकानात कोणत्या शर्टावर त्याचं लेबल लागलं, हे ना त्या पोराला ठाऊक ना आम्हाला, आणि जिनिंगवर गाडी नेली की भाव सगळ्यांना तोच. मला अशा कामावर राग आहे, पण तो राग विदेशी असण्याचा नाही, गावाला हिशोब न देण्याचा आहे. आमच्याच देशातल्या कंपन्यांचा सीएसआरचा, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, पैसा येतो तोही असाच वागतो, त्यालाही ग्रामसभा म्हणजे फोटोला गर्दी लागते तेवढ्यापुरतीच.

आणि तरीही. २०१७ चा पावसाळा इथल्या कोणाला विसरता येत नाही. त्या साली पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, डोक्याच्या वर गेली होती, दमट हवा, माणूस पऱ्हाटीत शिरून पंप मारायचा आणि सगळा फवारा तोंडावर यायचा. अळी आवरत नव्हती म्हणून कृषी केंद्रवाला दोन-दोन तीन-तीन औषधं मिसळून द्यायचा, बॅटरीचे चिनी पंप आले होते त्यांचा फवारा धुक्यासारखा बारीक. जुलै ते ऑक्टोबर यवतमाळच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात शेकडो माणसं भरती झाली, काहींचे हात खाटेला बांधून ठेवले होते कारण विष डोक्यात चढलं की माणूस झटापट करतो, काहींना महिनाभर धड दिसत नव्हतं. वीसच्या वर माणसं आमच्या एकट्या जिल्ह्यात गेली, त्यातले किती तरी रोजानं फवारणारे मजूर, ज्यांच्या नावावर ना शेत ना औषधाचं बिल. चौकशी बसली, आणि गावात जी भाषा खाली आली ती काय होती? तोंडाला रुमाल बांधला नाही, उलट्या वाऱ्यात फवारलं, चूक तुमचीच. त्या दमट उकाड्यात, गुडघाभर चिखलात रबरी सूट घालून फवारून दाखवा म्हणावं एकदा.

मग या लोकांच्या मागं कोण उभं राहिलं? बाधितांनी स्वतःची एक संघटना केली, कीटकनाशकांवर काम करणाऱ्या पेस्टिसाइड ॲक्शन नेटवर्कच्या इथल्या लोकांनी मदत केली, आणि पब्लिक आय नावाची स्वित्झर्लंडची संस्था इथं येऊन माहिती घेऊन गेली. पोलो नावाचं जे औषध आपल्याकडं विकलं जातं ते सिंजेंटा या स्विस कंपनीचं, आणि ज्या देशात कंपनीचं हेडऑफिस त्या देशात ते औषध वापरायला परवानगी नाही, हा त्यांचा मुद्दा. २०२० मध्ये ५१ बाधित कुटुंबांतर्फे तिकडच्या सरकारी यंत्रणेकडं तक्रार गेली, आणि एक वाचलेला शेतकरी आणि दोन विधवा यांचं भरपाईचं प्रकरण बाझलच्या कोर्टाकडं गेलं. कंपनीनं आमच्या औषधामुळं हे झालं नाही असं म्हटलं आहे, ते तसं म्हणणारच, त्यांचं म्हणणं कोर्टात मांडतील. मला सांगायचं ते वेगळंच आहे. या भानगडीत विदेशी कोण ते एकदा मोजा. औषधाची कंपनी स्विस, आणि ज्या २०१७ साली आमची माणसं मेली त्याच साली ती कंपनी केमचायना या चीनच्या सरकारी कंपनीनं ४,३०० कोटी डॉलरला विकत घेतली. मजुरांच्या बाजूनं बोलणारी संस्था स्विस. पंप चिनी. देशी काय होतं तर मरणारा. आणि अशा वेळी व्हाट्सॲपवर प्रश्न कोणता, तर त्या संस्थेला पैसे कोण देतं! बरं, समजा देत असेल कोणी, एखाद्या स्पर्धक कंपनीनं दिले असं धरून चला, तरी त्या बाईचा नवरा फवारणीतून आला आणि रात्रीत गेला हे खोटं होतं का? हॉस्पिटलचा कागद खोटा होतो का?

याच्या उलटी बाजूही आहे, ती लपवत नाही. बियाण्याच्या भांडणात दोन्हीकडचे एकमेकाला विदेशी म्हणतात. जनुक बदललेल्या बियाण्याला विरोध करणारे म्हणतात मोन्सँटो अमेरिकेची, २०१८ पासून ती जर्मनीच्या बायरकडं, म्हणजे शेतकरी विदेशी कंपनीच्या दावणीला. बियाण्याच्या बाजूचे म्हणतात हा विरोधच युरोपच्या पैशावर चालतो, त्यांना आपला शेतकरी मागासच ठेवायचा आहे. आणि या दोघांना बाजूला सारून आमचा कास्तकार काय करतो, तर चोरबीटी लावतो. परवानगी नाही, बिल नाही, पाकिटावर नाव नाही, निंदणाला बाई मिळत नाही म्हणून तणनाशक मारता येईल असं बियाणं रात्री कोणाच्या तरी घरून आणतो. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेच्या लोकांनी तर ते उघड उघड लावून दाखवलं, करा काय करायचं ते. मला त्या बियाण्याबद्दल शंका आहेत, पण त्या माणसांचा प्रश्न निंदणाच्या मजुरीचा होता आणि तो खराच होता, त्याला कोणी मोन्सँटोचे दलाल म्हणून उत्तर दिलं तर ते उत्तर नाही. जो न्याय फवारणीवाल्यांना तोच यांना.

आता कायद्याकडं या, कारण खरी गंमत तिथं आहे. एफसीआरए २०१० मध्ये नवा केला, २०२० च्या सप्टेंबरमध्ये आणखी आवळला. आता विदेशी देणगी घ्यायची तर संस्थेनं खातं उघडायचं स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेत, संसद मार्गावर. आमच्या यवतमाळातल्या मारेगावची संस्था असो की गडचिरोलीतल्या धानोऱ्याची, पहिलं खातं दिल्लीत. ऑफिस खर्च वीस टक्क्यांच्या आत, आधी तो पन्नासपर्यंत चालायचा. आणि सगळ्यात मोठं म्हणजे एका संस्थेनं दुसऱ्या संस्थेला तो पैसा द्यायचा नाही. दिल्ली-मुंबईच्या मोठ्या संस्था तरून गेल्या, त्यांच्याकडं सीए आहेत, वकील आहेत, मेली कोण तर त्यांच्याकडून दोन-चार लाख घेऊन तालुक्यात काम करणारी बारकी संस्था, जिला इंग्रजी फॉर्म भरता येत नाही पण कोणत्या पोडावर, म्हणजे आदिवासी वस्तीवर, कोणाचं पोर कुपोषित आहे हे तोंडपाठ असतं. सुप्रीम कोर्टानं एप्रिल २०२२ मध्ये दिल्लीतल्या खात्याची आणि पैसा पुढं न देण्याची अट कायम केली, विदेशी देणगी घेणं हा काही हक्क नाही असं म्हणून. ठीक आहे, मान्य, कोर्टाचं आहे.

पण त्याच्या दोन वर्षं आधी, मार्च २०२० मध्ये, त्याच कोर्टानं एक निकाल दिला होता तो इकडच्या कार्यकर्त्यांनी घरात लावून ठेवण्यासारखा आहे. एफसीआरएच्या नियमांत असं होतं की जी संघटना लोकांच्या प्रश्नासाठी नेहमी बंद, हरताळ, रास्ता रोको, रेल रोको, जेल भरो करते ती राजकीय स्वरूपाची, तिला विदेशी पैसा बंद. कोर्टानं सांगितलं की पक्षीय राजकारणाशी संबंध नसताना लोकांच्या प्रश्नासाठी असं आंदोलन केलं म्हणून कोणाला राजकीय ठरवता येणार नाही. आता बघा, आमच्याकडं कापसाचा भाव असो की रात्रीची लाइन असो, रास्ता रोको केल्याशिवाय साहेब खुर्चीवरून उठत नाही हे सगळ्यांना माहीत, आमदारालाही माहीत, तो स्वतः त्याच रस्त्यावर बसून आमदार झालेला असतो. तोच रास्ता रोको दुसऱ्यानं केला की विदेशी कट.

आणि पक्षांचं काय? दिल्ली हायकोर्टानं मार्च २०१४ मध्ये सांगितलं की भाजप आणि काँग्रेस दोघांनीही ब्रिटनमध्ये नोंदलेल्या वेदांताच्या कंपन्यांकडून देणग्या घेऊन एफसीआरए मोडला, कारवाई करा. कारवाई व्हायला पाहिजे होती ना? झालं असं की २०१६ च्या बजेटसोबतच्या कायद्यात विदेशी स्रोत कशाला म्हणायचं ती व्याख्याच मागच्या तारखेपासून बदलली. मग लक्षात आलं की जुन्या कायद्याखालचा काळ उरलाच, तर २०१८ मध्ये पुन्हा बजेटच्या कायद्यातूनच ती बदली थेट ५ ऑगस्ट १९७६ पर्यंत मागं नेली. बेचाळीस वर्षं मागं! शेतकऱ्याचं सोसायटीचं दोन वर्षांचं व्याज माफ करा म्हटलं तर नियमात बसत नाही सांगतात. रोज एकमेकाला विदेशी एजंट म्हणणारे हे दोन पक्ष, पण या दुरुस्तीनं दोघंही सुटले आणि त्यावर सभागृहात डोकेफोड काही झाली नाही.

त्याच्यावर कडी म्हणजे इलेक्टोरल बॉन्ड, पक्षांना देणगी द्यायचे बँकेचे रोखे. कंपन्यांच्या देणगीवरची साडेसात टक्क्यांची मर्यादा काढून टाकली, देणाऱ्याचं नाव झाकलं, आणि हे बॉन्ड विकायचं काम कोणाकडं, तर त्याच स्टेट बँकेकडं. संस्थेला आलेल्या पाच लाखाचा मागमूस रहावा म्हणून एकाच शाखेत खातं, आणि पक्षाला आलेल्या पाचशे कोटींचा मागमूस राहू नये म्हणून त्याच बँकेचा कागद. सुप्रीम कोर्टानं १५ फेब्रुवारी २०२४ ला ते सगळं घटनाबाह्य ठरवलं, मग बँकेनं नावं द्यायला ३० जूनपर्यंत मुदत मागितली, म्हणजे निवडणूक आटोपल्यावर, कोर्टानं झापलं तेव्हा दोन-तीन दिवसांत नावं निघाली.

बाहेरच्यांचा आमच्या जगण्यावर खरा हात पडतो तो कुठं पडतो ते शेतकऱ्याला विचारा. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन दहा हजारांच्या आसपास गेलं होतं, आयुष्यात पहिल्यांदा लोक पेरा वाढवायच्या गोष्टी करत होते. पोल्ट्रीवाल्यांच्या संघटनांनी दिल्लीत धरणं नाही धरलं, रास्ता रोको नाही केला, निवेदनं दिली आणि भेटी घेतल्या, आणि सरकारनं बारा लाख टन जीएम, म्हणजे जनुक बदललेल्या, सोयाबीनची पेंड बाहेरून आणायला परवानगी दिली. जे जीएम सोयाबीन इथं पेरलं तर गुन्हा, त्याची पेंड आणली तर चालते. नवीन माल बाजारात यायच्या टायमाला भाव पाच-सहा हजारांवर. पोल्ट्रीवाल्यांना पेंड महाग पडत होती हे खरंच होतं, तेही शेतकरीच आहेत पुष्कळसे, मी त्यांना शत्रू म्हणत नाही. पण दबाव आणून धोरण बदलवणं यालाच जर प्रभाव म्हणायचं तर तो हा होता, आणि फायदा झाला परदेशातल्या सोयाबीनवाल्याला. याला कोणी विदेशी हस्तक्षेप म्हटलं का? २०२५ च्या १९ ऑगस्टला कापसावरचं अकरा टक्के आयात शुल्क काढलं, आधी सप्टेंबरपर्यंत, मग वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत, म्हणजे बरोबर आमचा कापूस घरात येतो तो काळ. अमेरिकेनं पन्नास टक्के टॅरिफ लावलं, कापड गिरण्या ओरडल्या, त्याचा भार पऱ्हाटीवर टाकला. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव कागदावर ८,११० होता, आणि खेडा खरेदीवाला ओलावा दाखवून जो भाव सांगतो तो तुम्हाला ठाऊकच आहे.

आणि सरकार स्वतः विदेशी पैसा घेत नाही का? पोकरा, म्हणजे आपलं कृषी संजीवनी, गावोगावी ज्याचे बोर्ड लागले, शेडनेट आणि ठिबकचं अनुदान ज्यातून आलं, त्याला जागतिक बँकेचं ४२ कोटी डॉलरचं कर्ज होतं. त्याच्या आधी अमरावतीहून चालायचा तो शेतीचा केम प्रकल्प, त्यात इफाड या युनोच्या शेती निधीचा पैसा. एफसीआरएमध्ये जागतिक बँक आणि युनोच्या संस्था विदेशी स्रोत धरतच नाहीत, कायद्यातच तसं लिहिलं आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेत इलॉन मस्कच्या खर्चकपातीच्या सरकारी विभागानं रद्द केलेल्या मदतीची यादी टाकली, त्यात भारतात मतदान वाढवायला २ कोटी १० लाख डॉलर, आणि इथं टीव्हीवर आठवडाभर राडा, भाजप म्हणते काँग्रेसला आले, काँग्रेस म्हणते तुम्हालाच. त्याच वेळी अर्थखात्याच्या अहवालात छापलेलं होतं की यूएसएड, म्हणजे अमेरिका सरकारची मदत वाटणारी संस्था, भारत सरकारसोबत सुमारे ७५ कोटी डॉलरचे सात प्रकल्प चालवत होती. ते २ कोटी १० लाखाचं प्रकरण पुढं ऑगस्टमध्ये संसदेत निकालात निघालं, अमेरिकी दूतावासानंच कळवलं की असा पैसा भारतात आलाच नाही. किती चॅनेलनी ते दाखवलं? माझ्या व्हाट्सॲपवर तरी एकही मेसेज आला नाही, आधीचे मात्र अजून फिरून राहिले आहेत.

कोणी म्हणेल, मग काय दुसऱ्या देशांनी इथं गडबड करायला पैसा ओतावा आणि आपण पाहत बसावं? नाही ना बावा. देश एकमेकाच्या राजकारणात बोट घालतात, अमेरिका घालते, रशियानं घातलं, चीन घालत असणार, त्याच्यावर नजर ठेवायला गुप्तचर खातं आहे, ईडी आहे, यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा आहे, कायद्यांची कमी नाही. सापडलं तर खात्याचा नंबर, तारीख, रक्कम घेऊन कोर्टात उभं करा, मी टाळ्या वाजवीन. पण वीस हजारांच्या वर संस्थांचे एफसीआरए परवाने गेल्या दहा-बारा वर्षांत रद्द झाले, त्यातले कितीतरी तर वार्षिक विवरण भरलं नाही म्हणून, आणि लोकांमध्ये बोलताना तो आकडा असा सांगतात जसे काही वीस हजार हेर पकडले.

गडचिरोलीत मेंढा लेखा नावाचं गाव आहे, २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणारं पहिल्या गावांपैकी एक. तिथं बाहेरचा कोणी आला, संस्था असो की संशोधक असो की सरकारी माणूस, त्याला ग्रामसभेपुढं बसावं लागतं, काय करणार, कशासाठी करणार ते सांगावं लागतं, आणि ग्रामसभा ठरवते. विदेशी की देशी हा प्रश्नच तिथं दुय्यम होतो. आमच्या गावांतही हे करता येतं, ठराव घ्यायला काही दिल्लीची परवानगी लागत नाही. गावात काम करणारी प्रत्येक संस्था, सीएसआरवाली कंपनी, बियाण्याचे प्लॉट टाकणारी कंपनी आणि सरकारी प्रकल्प, सगळ्यांनी वर्षातून एकदा ग्रामसभेत मराठीत हिशोब वाचायचा, पैसा कुठून आला, पगारावर किती गेला, गावात किती राहिला, आणि आमच्याकडून लिहून नेलेली माहिती कोणाला दिली. ज्या संस्थेला हे जड जातं ती इथं नसली तरी चालेल, तिच्या मागं कितीही चांगली माणसं असोत.

पक्षांना ग्रामसभेत बोलावून उपयोग नाही, ते सतरंजी आणि जेवणाचा मंडप घेऊनच येतील. त्यांच्यासाठी संस्थांचाच नियम लावा, जास्त काही मागत नाही. देणगी घ्यायला एकच खातं, प्रत्येक देणाऱ्याचं नाव आणि रक्कम संस्थांना २०२२ पर्यंत होतं तसं दर तिमाहीला वेबसाइटवर, पदाधिकाऱ्यांचे आधार किंवा पासपोर्ट नंबर जोडलेले, ऑफिस खर्च वीस टक्क्यांच्या आत, आणि एका पक्षानं तो पैसा दुसऱ्या पक्षाला, गटाला किंवा फुटून आलेल्या आमदाराला द्यायचा नाही. शाखा तीच चालेल, संसद मार्गावरची. मारेगावपेक्षा तर त्यांना ती जवळच पडते.